पुस्तक कुणाच्या हाती पडेल?

इंग्रजीतल्या ‘नॉव्हेल’ला हिंदीत आणि बंगालीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. उर्दूने तर इंग्रजी शब्दच उचलून आपल्या उच्चारात बसवून घेतला. मराठीने आणि शेजारच्या कन्नडने मात्र वेगळंच केलं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव त्यांनी या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. ही कादंबरी म्हणजे चंद्रापीडाच्या प्रेमात पडलेली गंधर्वकन्या. त्यामुळे आपल्याकडे कुणी साखर कारखान्याच्या निवडणुकीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, तरी ते प्रेमात पडलेल्या एका मुलीच्या नावानेच ओळखलं जातं.

आणि तरीही, मित्रहो, आपल्या भाषेत प्रेमकादंबरी वाचणं हे दीडशे वर्षं थोडंसं लपूनछपून करायचं काम राहिलं. उशीखाली ठेवायचं, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, कुणी आलं की पाठ्यपुस्तकाखाली सरकवायचं. लोक या पुस्तकांना एवढे का बिचकत होते? मला वाटतं, भीती पुस्तकाची नव्हतीच. भीती होती ते वाचणाऱ्या माणसाची आणि त्यातही वाचणाऱ्या मुलीची. आज मला याविषयी थोडं बोलायचं आहे.

सुरुवातीपासून पाहू. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६६ साली त्यांचीच ‘रत्नप्रभा’. पाठोपाठ १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, अरण्य, दुष्ट प्रधान आणि शेवटी मीलन असा यांचा थाट. अभ्यासकांनी त्यांना ‘अद्भुतरम्य’ म्हटलं. या कथांच्या पाठीशी संस्कृत कथा होत्या, इंग्रजी रोमान्स होते, तसेच अरबी-फारसी किस्सेही होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरेबियन नाइट्स’ मराठीत आणायला घेतलं ते याच काळात. हातिमताई आणि गुलबकावली मराठी घरांत पोचले आणि मराठीच होऊन गेले. माझ्या दादीला अक्षरओळख नव्हती, पण हातिमताईचे सात सवाल तिला तोंडपाठ होते. शेजारच्या आजीलाही ते तसेच पाठ होते, फक्त तिच्या सांगण्यात हातिम जरा कोकणी वळणाचा झाला होता.

‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक फार प्रांजळ गोष्ट सांगून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्याकडची विवाहाची रीत आणि इतर काही कारणं यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडतच नाही. रोजचं आहे तसं लिहिलं तर ते कंटाळवाणं होईल. म्हणून करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर चमत्कारांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पुष्कळ टीकाकारांनी या वाक्यांवरून रिसबुडांची थट्टा केली. मला मात्र त्यात समाजशास्त्राचा एक धडा दिसतो. लग्न आठव्या-नवव्या वर्षी, ठरवणार बाप आणि मामा, आणि नवऱ्याचं तोंड दिसायचं तेही इतरांच्या देखत. अशा जगात प्रेमकथा घडायची कुठे? ती राजवाड्यात किंवा अरण्यातच घडणार. प्रेमकादंबरीला आधी नायिकेचं वय वाढावं लागतं. तिला चार वर्षं शाळेत जायला मिळावं लागतं, रस्त्याने एकटीने चालायला मिळावं लागतं आणि ‘नाही’ म्हणण्याची थोडी तरी मुभा असावी लागते.

हे वय कायद्यानेही किती सावकाश वाढलं ते पाहा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, तर त्यावरून केवढा गदारोळ झाला! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं आणि मुलाचं अठरा. मधल्या काळात हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहून घरातल्या मुलीचं रोजचं जिणं दाखवलं. रिसबुडांना कंटाळवाणं वाटलेलं तेच जिणं वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती प्रेमकथा नव्हती. तिला अजून अवकाश होता.

तो अवकाश तयार झाला मासिकांतून आणि कॉलेजांतून. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ सुरू केलं आणि १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. मासिक घरपोच येतं, दिवाणखान्यात पडतं आणि दुपारी स्वयंपाकघरातही जातं. बाईला दुकानात जाऊन पुस्तक मागावं लागत नाही. मराठी प्रकाशनाच्या इतिहासात ही साधी सोय फार मोलाची ठरली.

मग आले ना. सी. फडके. त्यांची पहिली कादंबरी १९१७ ची, नाव ‘अल्ला हो अकबर’. हे नाव वाचून माझ्यासारख्याचे कान टवकारतात, पण ती आधारलेली होती मेरी कॉरेली या इंग्लंडमधल्या तुफान खपाच्या लेखिकेच्या ‘टेम्पोरल पॉवर’ या कादंबरीवर. पुढे ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ आल्या. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने मराठी नायिकेच्या हातात टेनिसची रॅकेट दिली. तिला शिकलेली केली, बोलकी केली. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद आम्ही बी.ए.ला घोकून घोकून लिहिला. पण फडके कोण वाचत होतं, कुठे बसून वाचत होतं आणि वाचून झाल्यावर पुस्तक कुठे ठेवत होतं, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

पुरुषाने बाईचं प्रेम रंगवलं तर ती कला. बाईने स्वतः लिहिलं तर काय होतं, ते १९३३ साली कळलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आला. त्यात शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातली ओढ आणि घुसमट होती. गहजब झाला. ही विभावरी आहे तरी कोण, याचा शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांना टोपणनाव का घ्यावं लागलं असेल, हे त्या गहजबावरूनच समजतं.

आता जरा लंडनला जाऊ, कारण आपल्या गोष्टीचा दुसरा धागा तिथे आहे. ‘मंजुघोषा’ निघाली त्याच १८६८ साली तिथल्या एका न्यायालयाने ‘हिकलिन’ खटल्याचा निकाल दिला. वादातलं पुस्तक कादंबरी नव्हतंच. कॅथलिक पाद्र्यांपुढे पापांची कबुली देण्याच्या प्रथेवर टीका करणारी ती एक पुस्तिका होती. पण त्या निमित्ताने मुख्य न्यायमूर्ती कॉकबर्न यांनी अश्लीलतेची एक कसोटी घालून दिली. ज्यांची मनं वाईट प्रभावाला सहज बळी पडतात आणि ज्यांच्या हाती असं पुस्तक पडू शकतं, त्यांना बिघडवण्याची त्याची प्रवृत्ती आहे का, हे पाहायचं. म्हणजे पुस्तक कसं आहे यापेक्षा ते कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न मोठा झाला. भारतीय दंडसंहितेचं कलम २९२ आधीपासून होतंच. त्याचा अर्थ लावायला आपल्या न्यायालयांनी हीच मोजपट्टी घेतली आणि स्वातंत्र्यानंतरही ती ठेवली.

पुस्तक कुणाच्या हाती पडतं, हे आमच्या गावच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत रोज दिसायचं. १९८० च्या आसपासची गोष्ट. बस स्टँडच्या मागे दहा बाय बाराचं दुकान, भिंतीभर फळ्या, दारात लाकडी काउंटर. थोडी अनामत, महिन्याची वर्गणी, एक पुस्तक आणि एक मासिक. घरातली पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे होतं. आमची थोरली आपा उर्दू मासिकं वाचायची आणि मराठी कादंबऱ्याही. तिथे पुस्तक नावाने कुणी मागतच नसे. ‘नवा काकोडकर आलाय का?’, ‘एखादी शकुंतला गोगटे द्या’, ‘योगिनीबाईंची वाचून झाली, कुसुम अभ्यंकर आहे का?’ अशी मागणी. कुमुदिनी रांगणेकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे ही नावं मला शाळेतल्या कवींच्या आधी पाठ झाली. लायब्ररीवाले काका प्रत्येक नव्या पुस्तकाला जाड पुठ्ठ्याची बांधणी करून घ्यायचे. मूळ आवृत्तीपेक्षा ती बांधणीच जास्त टिकायची.

या व्यवहाराचं गणित साधं होतं. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा मराठी प्रकाशनाचा जुना रिवाज. त्यातली एक प्रत लायब्ररीत गेली की ती पान सुटेपर्यंत घराघरांतून फिरायची. लेखकाला मानधन मिळायचं ते एका प्रतीचं. वाचक मात्र शेकड्यांनी. म्हणून लायब्ररीच्या लेखकाला सतत लिहीत राहावं लागे. एवढा मोठा वाचक असूनही विक्रीच्या आकड्यात तो दिसत नसे, समीक्षेत तर मुळीच नाही.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये १९०८ साली स्थापन झालेली मिल्स अँड बून ही संस्था १९३० च्या दशकात प्रेमकादंबऱ्यांवर स्थिरावली, ती तिथल्या अशाच पैसे घेऊन पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांच्या जोरावर. पुढे ती वाचनालयं बंद पडत गेली आणि स्वस्त पेपरबॅकचे दिवस आले. १९७१ साली ही कंपनी कॅनडाच्या हार्लेक्विनमध्ये सामील झाली. तीच पातळ पुस्तकं मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर जुन्या बाजारात मिळत आणि कॉलेजच्या मुली ती अदलाबदल करून वाचत. २००८ साली, आपल्या शताब्दीला, या कंपनीने भारतात अधिकृत दुकान मांडलं. तिथेही टीकाकारांनी नाकं मुरडली आणि तिथेही वाचणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या.

आपाचा निकाह ठरला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिची वर्गणी बंद केली. पुढच्याच वर्षी शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांच्या घरातही तेच झालं. दोन घरांचे सण वेगळे, स्वयंपाक वेगळा, पण दिलेलं कारण शब्दशः एक : ‘असलं वाचून डोक्यात खूळ शिरतं.’ ‘हिकलिन’चं नाव दोन्ही घरांत कुणी ऐकलेलं नव्हतं. कसोटी मात्र तीच होती.

ही कसोटी मराठी प्रेमकथेला प्रत्यक्ष न्यायालयात भेटली ती चंद्रकांत काकोडकरांच्या निमित्ताने. १९६२ साल. त्याच वर्षी फडक्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. नायक निशिकांत हा कवी. नीला, वनिता आणि श्यामा अशा तिघीजणी त्याच्या आयुष्यात येतात. (आम्हा कवींना कथेत एवढी मागणी असते, प्रत्यक्षातलं विचारू नका!) कथा अश्लील आहे अशी तक्रार झाली आणि लेखकासह मुद्रक-प्रकाशकावर खटला भरला गेला. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र दोषी धरलं आणि प्रत्येकी २५ रुपये दंड केला.

दंड किरकोळ होता, पण शिक्का किरकोळ नव्हता. काळही अनुकूल नव्हता. १९६४ साली मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. त्या खटल्यात मुल्कराज आनंद यांच्यासारख्या लेखकाची साक्षही उपयोगी पडली नव्हती. तो निकाल लिहिला होता न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी, नागपूरला ज्यांची कारकीर्द घडली त्यांनी. स्वतः साहित्याचे मर्मज्ञ असूनही त्यांनी ‘हिकलिन’ची कसोटी टाकून दिली नाही. डी. एच. लॉरेन्सचं पुस्तक जिथे टिकलं नाही, तिथे लायब्ररीच्या फळीवरच्या काकोडकरांचं काय होणार?

२५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या या निकालाने काकोडकर निर्दोष ठरले. त्यातला विचार आजही वाचण्यासारखा आहे. समाजाची मापं बदलत असतात, असं न्यायालय म्हणालं. प्रौढांना आणि किशोरवयीनांनाही आज प्रेमाचा, शृंगाराचा अंश असलेलं कितीतरी साहित्य उपलब्ध आहे. केवळ कामभावनेचा उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवलं, तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज कुठलीच पुस्तकं विकता येणार नाहीत, अशा आशयाचा शेराही त्यात आहे. आणखी एक गोष्ट आहे. कथा फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाचा अनुभव अपुरा असेल, त्याच्यात अपरिपक्वता असेल, पण यामुळे ती वाचकाला बिघडवणारी ठरत नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

लेखकाला हे शेवटचं ऐकून कसं वाटलं असेल कोण जाणे! सुटका झाली, पण परीक्षणही झालं. मला मात्र या निकालाचं मोठेपण नेमकं तिथेच वाटतं. त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी प्रसिद्ध झालेल्या लेखनाला अपवादाचं संरक्षण मिळालं. चांगली गोष्ट झाली. पण थोर साहित्याला वाचवायला थोर माणसं पुढे येतातच. मधल्या दर्जाच्या पुस्तकाला कोण वाचवणार? प्राध्यापक त्याच्यासाठी साक्ष देणार नाहीत. ‘श्यामा’च्या निकालाने सामान्य पुस्तकाला आणि त्याच्या सामान्य वाचकाला एक साधा हक्क दिला. थोर नसलेलं पुस्तक वाचणं हा गुन्हा नाही.

आणि गंमत पाहा. त्याच १९६९ साली राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला आणि गाजला. राजेश खन्ना, मुमताज आणि सावत्र भावांच्या एकत्र कुटुंबाची कथा. तो चित्रपट काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला होता. कथेसाठी काकोडकरांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. ज्या लेखकापासून तरुण मुलींना वाचवायचं होतं, त्याच लेखकाची गोष्ट बघायला अवघी कुटुंबं आजी-आजोबांसह थिएटरात गेली. पडद्यावर चालतं ते कागदावर का चालत नाही? मला वाटतं, सिनेमा सगळ्यांबरोबर बघायचा असतो आणि पुस्तक एकटीने वाचायचं असतं. खुपत होतं ते हे एकटेपण.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘हिकलिन’ची कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाचं माप स्वीकारलं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलम २९२ चं २९४ झालं. जुन्या २९३ मध्ये विशेष जपायचा ‘तरुण’ म्हणजे वीस वर्षांखालचा होता, नव्या कायद्यात ते वय अठरा आहे. बस स्टँडमागच्या तसल्या लायब्रऱ्या बहुतेक बंद पडल्या. सुहास शिरवळकरांसारखा लायब्ररीचा लाडका लेखक २००३ साली गेला. त्याच्या ‘दुनियादारी’वर २०१३ साली चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीने ती कादंबरी पुन्हा शोधली. आता मराठी प्रेमकथा मोबाइलवर क्रमशः येतात, बसमध्ये, लोकलमध्ये वाचल्या जातात. लिहिणाऱ्या पुष्कळ जणी घर सांभाळून लिहितात. वर्तमानपत्राच्या कव्हराची गरज उरली नाही, कारण मोबाइलला बाहेरून सगळी पुस्तकं सारखीच दिसतात. पण ‘काय ते फालतू वाचत बसतेस?’ हा प्रश्न अजून घरोघरी ऐकू येतो.

या पुस्तकांत दोष नव्हते असं मी म्हणत नाही. नायक उगाच श्रीमंत, नायिका उगाच सुंदर. आमच्यासारख्यांची घरं तर त्यांत औषधालाही सापडत नसत, आणि दलित वस्ती त्याहूनही नाही. शेवट गोड करण्याच्या घाईत पुष्कळ खरे प्रश्न वाऱ्यावर सोडलेले असत. ही टीका व्हायलाच हवी. पण ती पुस्तकावर व्हावी, वाचणाऱ्या व्यक्तीच्या अकलेवर नको.

आपा आता साठी ओलांडून गेली आहे. मुलं मोठी झाली, नातवंडं आली. मध्ये एकदा मी तिला विचारलं, त्या कादंबऱ्यांत तुला एवढं काय मिळायचं? मला वाटलं होतं, ती प्रेमाबिमाचं काही सांगेल. ती आमच्या दखनीत म्हणाली, “उन किताबां में मर्द लोगां औरत की बात पूरी सुनते थे रे.” पुस्तकातली बाई रागवायची, रुसायची, आपलं म्हणणं मांडायची आणि समोरचा पुरुष थांबून ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा.

पुस्तक कुणाच्या हाती पडेल, या काळजीत एवढी माणसं आणि एवढी न्यायालयं गुंतली. ज्यांच्या हाती ते पडलं, त्यांना त्यात काय सापडलं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. आपल्या घरात अशी एखादी वाचणारी असेल, आई, मावशी, आत्या, खाला, तर तिला एकदा विचारून बघा. आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका.